बिनइंजिनाचे विमान

(इंजिन नसलेले विमान हवेत कसे राहते, आणि डोंगरावर उभे राहून ते कसे उडवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, डोंगरकड्याजवळ घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली असेल. कितीतरी वेळ ती पंख हलवत नाही. नुसती पंख पसरून तरंगत असते. तरी ती खाली येत नाही. असे का बरे होत असेल?

पावसाळ्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटात एक गंमत दिसते. कड्यावरून खाली पडणारे पाणी जोराच्या वाऱ्याने उलटे वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. कोकणाकडून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो. त्याला पुढे जायला वाट मिळत नाही. मग तो कड्याला लागून वर चढतो. असा वर चढणारा वाराच घारीलाही उचलून धरतो.

अशा वाऱ्यावर माणसाने बनवलेले विमानही तरंगते. त्याला इंजिन नसते. त्याला ग्लायडर म्हणतात. ग्लायडर खरे तर सतत खाली येत असते. घसरगुंडीवरून घसरावे, तसे ते हवेतून पुढे जात जात खाली उतरते. मग ते वर कसे राहते? धावत्या बसमध्ये एखादा मुलगा पुढून मागे चालत गेला, तरी बसबरोबर तो पुढेच जातो. तसेच येथे घडते. ग्लायडर ज्या वेगाने खाली येते, त्यापेक्षा जास्त वेगाने हवा वर चढत असेल, तर हवेबरोबर ग्लायडरही वर जाते.

ग्लायडरचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये सुरू झाला, तो एका लहान मॉडेलपासून. सर जॉर्ज केली हे यॉर्कशायरमधील ब्रॉम्प्टन या गावी राहत. १८०४ साली त्यांनी सुमारे दीड मीटर लांबीचे एक ग्लायडर तयार केले. एका काठीवर पतंगासारखा पंख बसवला. मागे हलवता येणारी शेपटी लावली. हे मॉडेल ते टेकडीवरून सोडत आणि ते कसे उतरते, याचे नीट निरीक्षण करत. पुढे त्यांनी मोठी ग्लायडर बनवली. १८४९ साली त्यांच्या एका ग्लायडरने सुमारे दहा वर्षांच्या मुलाला थोडे अंतर जमिनीवरून उचलून नेले. १८५३ साली त्यांचा गाडीवान ग्लायडरमध्ये बसून एक लहान दरी ओलांडून गेला, असे सांगतात. पलीकडे उतरताच त्याने नोकरी सोडण्याची भाषा केली. आपल्याला गाडी हाकायला ठेवले आहे, उडायला नाही, असे त्याचे म्हणणे होते!

पण हे काम धोक्याचे होते. पर्सी पिल्चर हे इंग्लंडमधील धाडसी ग्लायडरचालक होते. १८९९ साली उड्डाण चालू असताना त्यांच्या ग्लायडरच्या शेपटीची एक काठी मोडली. ग्लायडर कोसळले आणि दोन दिवसांनी पिल्चर मरण पावले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. एका काठीने एवढा घात केला.

डोंगराच्या वाऱ्यावर किती वेळ राहता येते, हे १९२२ साली इंग्लंडमधील इटफर्ड टेकडीवर दिसून आले. तेथे भरलेल्या स्पर्धेत मानेरोल नावाचे फ्रेंच वैमानिक ३ तास २१ मिनिटे हवेत राहिले. त्यांच्या विमानाला इंजिन नव्हते. टेकडीला लागून वर चढणारा वारा हेच त्यांचे इंजिन होते.

आज ब्रिटनमध्ये अनेक मुले आणि मोठी माणसे डोंगरउतारावर रेडिओवर चालणारी लहान ग्लायडर उडवतात. शिकणाऱ्याचे ग्लायडर बहुधा लवचीक फोमचे असते. पडले तरी ते सहसा मोडत नाही. त्याच्या पोटात बॅटरी, रेडिओचे संदेश घेणारा रिसीव्हर आणि दोन छोट्या मोटारी असतात. या मोटारी पंखावरच्या किंवा शेपटीवरच्या पट्ट्या हलवतात. पट्टी हलली, की विमान नाक वर किंवा खाली करते, अथवा डावीकडे किंवा उजवीकडे वळते. उडवणाऱ्याच्या हातात रेडिओचा डबा असतो. त्याला ट्रान्समीटर म्हणतात.

शिकण्याची सुरुवात मात्र डबा हातात घेऊन होत नाही. ती वारा ओळखण्यापासून होते. चिमूटभर वाळके गवत हवेत सोडावे. वारा उताराच्या समोरून सरळ वर येत आहे का, ते पाहावे. वारा डोंगराच्या पाठीमागून येत असेल, तर विमान पिशवीतच ठेवावे. तेव्हा उतारावरची हवा वर चढत नाही, खाली उतरते. तिच्यात भोवरेही असतात.

मग विमान तपासावे. पंख घट्ट बसला आहे ना? बॅटरी भरली आहे ना? आधी ट्रान्समीटर चालू करावा, नंतर विमान. बंद करताना याच्या उलट करावे. प्रत्येक पट्टी योग्य बाजूला हलते का, हे पाहावे. विमानाचा तोल पाहण्यासाठी पंखांखाली दोन बोटे लावून ते अलगद उचलावे. नकाशात दाखवलेल्या जागी ते सरळ राहिले पाहिजे. शेपटी जड असेल, तर विमान आवरत नाही.

पहिल्या दिवशी अनुभवी माणूस शेजारी हवाच. विमान वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून, सरळ सोडावे. आकाशाकडे फेकू नये. नवखी मुले विमान वर जावे म्हणून त्याचे नाक एकदम वर करतात. त्यामुळे वेग कमी होतो आणि विमान कोसळते. आधी वेग, मग उंची, हे लक्षात ठेवावे.

विमान डोंगरापुढे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवावे. प्रत्येक वळण डोंगरापासून दूर, वाऱ्याकडे घ्यावे. डोंगराकडे वळवले, तर वारा ते उतारावर आपटतो. विमान आपल्याकडे येऊ लागले, की आणखी एक घोटाळा होतो. त्याचे डावे ते आपले उजवे! अशा वेळी एक युक्ती करावी. जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला दांडी सरकवावी. पंख सरळ होतो.

उतरवताना विमान माथ्यावरच्या सपाट, मोकळ्या गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून आणावे. माथ्यामागे फार दूर नेऊ नये. तेथे भोवरे असतात.

श्रॉपशायरमध्ये लाँग मिंड नावाचा लांबलचक डोंगर आहे. पश्चिमेचा वारा त्याच्या चढावर आदळतो. म्हणून १९३४ पासून तेथे माणसांना घेऊन उडणाऱ्या ग्लायडरचा क्लब आहे. डोंगरावर पायी फिरणारे लोक असतात, मेंढ्याही चरतात. अशा ठिकाणी मॉडेल उडवणाऱ्याने माणसाच्या विमानाला नेहमी वाट द्यावी. लोकांच्या आणि जनावरांच्या डोक्यावरून मॉडेल नेऊ नये. ते सतत नजरेसमोर ठेवावे. ब्रिटनमध्ये ठरावीक वजनाच्या वरची मॉडेल उडवण्यापूर्वी नियमांची चाचणी देऊन नोंदणी करावी लागते.

मॉडेल पडले, तर ते उचलून, तपासून पुन्हा सोडता येते. पिल्चरना अशी दुसरी संधी मिळाली नाही. म्हणून मोडलेली काठी उडण्यापूर्वी जमिनीवरच सापडावी, यासाठी दर वेळी तपासणी करायची असते. वारा योग्य नसेल, त्या दिवशी विमान न उडवता घरी परत येणे, हेही उत्तम उडवणाऱ्याचे लक्षण आहे.

शब्दार्थ
निरीक्षण – बारकाईने पाहणे. घात – नाश. नवखा – नुकताच शिकू लागलेला. माथा – डोंगराचा वरचा भाग.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उलटा धबधबा कोठे दिसतो?
(आ) सर जॉर्ज केली यांनी पहिले मॉडेल कोणत्या साली तयार केले?
(इ) विमान सोडण्यापूर्वी वाऱ्याची दिशा कशी ओळखावी?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ग्लायडर सतत खाली येत असूनही वर जाऊ शकते.
(आ) प्रत्येक वळण डोंगरापासून दूर घ्यावे.

प्र. ३. करून पाहा.
कागदाचे विमान करा. त्याच्या नाकाला एक टाचणी अडकवा आणि सोडा. मग तीच टाचणी शेपटीला लावून सोडा. काय फरक पडला, ते वहीत लिहा.