रूप जुनं, गाडी नवी

बारामती-इंदापूर पट्ट्यात जुन्या वळणाच्या गाड्यांची हौस पुन्हा जोरात आहे. एमएच ४२ च्या पाटीखाली क्लासिक दिसते, जावा दिसते, गोल दिव्याची होंडाही दिसते. आमच्या घरी वडिलांची चेतक होती, चुलत्यांची बुलेट होती. आता माझ्याकडे रेट्रो थाटाची साडेतीनशे सीसीची गाडी आहे. दोन्ही काळच्या गाड्या वापरून जे कळलं, ते इथे मांडतो.

१. जुनं आहे ते रूप, यंत्र नव्हे.
चुलत्यांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळूहळू खाली न्यायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की खटका सोडायचा, मग अंगाचा भार टाकून किक मारायची. अंदाज चुकला तर किक उलटून नडगीवर बसे. २०२१ च्या नव्या क्लासिकला किकच नाही. बटण, फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस. २०१८ मध्ये परतलेल्या जावाचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, पुढे रेडिएटर आहे. म्हैसूरची जुनी जावा टू-स्ट्रोक होती. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर तसं इंजिन परत येणं नाही. तेव्हा ‘आवाज तस्साच पाहिजे’ हा हट्ट सोडा.

२. रेट्रोचं मूळ आपल्याच एमआयडीसीत बघा.
पिआजिओचा बारामतीचा कारखाना २०१२ पासून व्हेस्पा बनवतोय. ही स्कूटर मूळची १९४६ सालची, इटलीतली. बजाजने १९६० च्या दशकात आकुर्डीत परवान्यावर व्हेस्पाच बनवली. १९७१ मध्ये करार संपला आणि पुढे त्याच घडणीची चेतक आली. म्हणजे चेतक आणि व्हेस्पा चुलत बहिणी. वडिलांची चेतक रुसली की तिरकी करून मग किक मारावी लागे. आताच्या व्हेस्पाला हाताचे गिअर नाहीत, पण पत्र्याचं अंग तेच आहे. पत्रा चेपला तर डेंटिंगवाला काढून देतो, प्लास्टिक फुटलं की पॅनेलच बदलावं लागतं. २०२० मध्ये चेतकही परतली, तीही पत्र्याच्या अंगाची, पण विजेवर चालणारी.

३. टाकीआधी चाक बघा.
आऱ्यांची चाकं देखणी खरी, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. आपल्याकडे बांधावर बाभळी. काटा घुसला की ट्यूबची हवा बघता बघता जाते आणि चाक खोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरला जागेवर दोरी घालून निघता येतं. निमगाव केतकीच्या पुढे रात्री पंक्चर झालं की फोटोतली शोभा कामाची नसते.

४. वजन आपल्या रस्त्यावर तोला.
क्लासिकचं वजन १९५ किलो आहे. गाळप हंगामात भवानीनगर, माळेगावच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती आणि ट्रॉलीतून सांडलेला ऊस असतो. ओल्या मातीवर एवढी जड गाडी घसरली की एकट्याने सावरणं अवघड. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, हे शोरूममध्येच बघा. रात्री उसाची ट्रॉली मागून दिसेलच असं नाही. त्यामुळे दिवा गोल आहे की चौकोनी, यापेक्षा उजेड किती लांब पडतो ते महत्त्वाचं.

५. सीसीचा आकडा वाचा.
२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. ३४९ सीसीची क्लासिक रेषेच्या अलीकडे, ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० पलीकडे. थाट सारखाच, पण कराचा भार वेगळा. पाहिजे तेवढी ताकद ३५० मध्ये मिळत असेल तर उगाच पुढे जाऊ नका.

६. मिस्त्री कोण, हे आधी ठरवा.
जुन्या बुलेटचा पॉइंट पॉलिश पेपरने घासून रस्त्यावरच गाडी सुरू करणारे मिस्त्री गावोगाव होते. आता सेन्सर बिघडला की स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं सापडत नाही. बॅटरी पूर्ण बसली तर इंजेक्शनची गाडी ढकलूनही सुरू होत नाही. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि सुटे भाग किती दिवसांत येतात, हे त्या गाडीच्या दोन जुन्या मालकांना विचारा.

७. सायलेन्सरला हात लावू नका.
कंपनीचा काढून फटाके वाजवणारा बसवला की दंड होतो, वॉरंटीचा वाद होतो आणि शेजारी बोलणं सोडतात.

थोडक्यात, गाडी रूपावर भाळून बघायला जा, पण पैसे मोजा ते टायर, ब्रेक आणि सर्व्हिस बघूनच. टेस्ट राइड घ्याल ती शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, आपल्या शेताच्या वाटेवर घ्या.