यंत्राचा जीर्णोद्धार

जुन्या मंदिराची पडझड झाली म्हणजे गावकरी त्याचा जीर्णोद्धार करतात. ढासळलेला चिरा काढून त्या जागी नवा बसवितात. पण जो चिरा शाबूत आहे त्याला हात लावीत नाहीत. झिजलेल्या यंत्राचा जीर्णोद्धारही याच रीतीने करावयाचा असतो. मात्र तेथे ओळंबा आणि सूत पुरत नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजावा लागतो.

मारुतीची छोटी व्हॅन १९८४ साली भारतातील रस्त्यांवर आली. पुढे ती ‘ओम्नी’ या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली. मुलांना शाळेत पोचविणे, रुग्णांना इस्पितळात नेणे, बाजाराला भाजीपाला वाहून नेणे, अशी कितीतरी कामे तिने केली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा अशी जुनी व्हॅन ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, त्याला तिच्या इंजिनाची निगा राखण्यावाचून गत्यंतर नाही.

या व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. त्यात तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर असतो. त्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, ७२ मिलिमीटर इतक्याच अंतरात वरखाली होतो. अंतर अल्प खरे. परंतु इंजिनाचा आस मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागला, की एका तासात हाच दट्ट्या आपल्या चिमुकल्या कोठडीत सुमारे २६ किलोमीटर प्रवास करतो! वर्षानुवर्षे असा प्रवास घडल्यावर लोखंडही झिजावे, यात नवल ते काय?

दट्ट्याभोवती धातूच्या कड्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. वरच्या रिंगा वायूचा दाब कोंडून धरतात आणि खालची रिंग भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठविते. रिंगा आणि भिंती झिजल्या, की दाब निसटतो व तेल वर चढून जळू लागते. मग धुराड्यातून निळसर धूर येतो, तेल वारंवार भरावे लागते आणि चढणीवर गाडी धापा टाकू लागते. गाडीत रुग्ण असेल, तर अशा वेळी एकेक क्षण मोलाचा असतो.

कित्येक जण अशा प्रसंगी दाट तेल ओतून धूर लपवितात. धूर काही दिवस कमी दिसतो. झीज मात्र तेथेच असते. जाणता कारागीर असे करीत नाही. तो प्रथम रोगाचे निदान करतो. स्पार्क प्लग काढून त्या छिद्राला दाबमापक लावतो व प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहतो. दाब कमी भरला, तर छिद्रातून थोडेसे तेल आत सोडून पुन्हा मोजतो. या वेळी दाब वाढला, तर रिंगा वा भिंती झिजल्या आहेत, असे तो समजतो. कारण तेलाने तेथील फट तात्पुरती बुजलेली असते. दाब वाढला नाही, तर दोष बहुधा झडपांचा असतो. तसे असेल, तर सारे इंजिन उकलण्याची गरजच उरत नाही.

इंजिन उकलल्यावरही हत्यारापूर्वी मापच हाती घ्यावे लागते. सिलिंडरची भिंत सर्वत्र सारखी झिजत नाही. वरच्या टोकाजवळ, जेथे उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी, तेथे झीज सर्वांत जास्त होते. शिवाय दट्ट्या भिंतीला एकाच दिशेने रेटीत असल्यामुळे वर्तुळ किंचित लंबगोल होते. म्हणून कारागीर वर, मध्ये आणि खाली, तसेच आडव्या-उभ्या अशा दोन्ही दिशांनी व्यास मोजतो. भिंत अशी वेडीवाकडी असताना नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर त्या नीट टेकत नाहीत आणि धूर काही काळाने परत येतो.

झीज मर्यादेबाहेर गेलेली असेल, तर सिलिंडर कोरून त्याचा व्यास ६८.७५ मिलिमीटर करतात व पाव मिलिमीटरने मोठा दट्ट्या बसवितात. दट्ट्या आणि भिंत यांत केसाच्या जाडीहूनही कमी जागा राखावयाची असते. ती कमी पडली, तर तापून फुगलेला दट्ट्या अडकून बसतो. अधिक झाली, तर तो खडखडतो. शेवटी भिंतीवर दगडाने बारीक तिरप्या रेघा उमटवितात. या रेघांत तेल टिकून राहते. अगदी गुळगुळीत भिंत येथे उपयोगाची नसते!

इंजिन पुन्हा जुळले, तरी काम संपत नाही. नव्या रिंगा भिंतीशी हळूहळू एकजीव व्हाव्या लागतात. म्हणून आरंभीचे सुमारे १,००० किलोमीटर गाडी बेताने हाकावी, जड ओझे लादू नये आणि निघालेला धातूचा कीस वाहून जावा यासाठी पहिले तेल लवकर बदलावे. कारागिराने कितीही कसोशीने काम केलेले असो, मालकाने येथे घाई केली, तर ते सारे वाया जाते.

झिजणे हा यंत्राचा दोष नव्हे. ती त्याने केलेल्या सेवेची खूण होय. मात्र झीज लपविणे आणि ती मोजून दूर करणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. ज्याच्या हाती माप आहे आणि ते सांगेल ते ऐकण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच हातून जीर्ण यंत्राला पुन्हा बळ येते.

अभ्यास
१. दाब मोजताना कारागीर सिलिंडरमध्ये तेल का सोडतो?
२. लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा का चालत नाहीत?
३. ‘झिजणे हा यंत्राचा दोष नव्हे’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.