‘मुलगा होण्याची पुडी’ आणि गिनिपिगचा धडा

दिवस गेले की वस्तीत कोणीतरी कानात सांगतं, “दीड महिन्याच्या आत ही पुडी घे, मुलगाच होईल.” पुडीत काय आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी आपण गर्भाची घडण समजून घेऊ.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. आईच्या बीजात एक्स गुणसूत्र असतं, वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय. त्यानंतर कोणतंही औषध ते बदलू शकत नाही. सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही गर्भांची जननेंद्रियं सारखीच दिसतात. पुढे मुलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, स्रवतं आणि पुरुषाचे अवयव घडतात.

मग बाहेरून हार्मोन दिलं तर? १९५९ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गाभण गिनिपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. माद्या नर झाल्या नाहीत. त्यांच्या पोटात बीजकोश तसेच राहिले, पण बाहेरचे अवयव नरासारखे झाले. मोठेपणी त्यांचं समागमाचं वागणंही बदललेलं दिसलं. गर्भाच्या घडणीच्या काळात झालेला बदल कायमचा राहिला.

माणसातही इशारा मिळाला. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत गरोदर बायकांना डीईएस हे कृत्रिम स्त्री-हार्मोन देत असत. १९७१ साली कळलं, की त्यांच्या तरुण मुलींना योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. औषध आईने घेतलं, भोगलं लेकीनं.

म्हणून आपण एवढं करू :

• बिननावाची पुडी, काढा, गोळी गरोदरपणी घ्यायची नाही.
• घेतली असेल तर घाबरू नका, लपवू नका. उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवा.
• डॉक्टरांनी दिलेलं हार्मोनचं औषध मनानं बंद करू नका. कशासाठी आहे ते विचारा.
• बाळाचे अवयव वेगळे दिसले तर आईला बोल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. ते बाळही आपलंच.

मुलीला वारसाहक्क मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झटले. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. मुलगी नको म्हणून पुडी घेणं या दोन्हींच्या विरुद्ध आहे. पुढच्या वेळी कोणी पुडी पुढे केली तर आपण विचारू : यात काय आहे, आणि मुलगी का नको?

जय भीम! नमो बुद्धाय!