त्याच सायंकाळी फैसला नको

ढोकी, जि. धाराशिव

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ज्या लेखणीला मागच्या पत्रात येडशीच्या फेरीचे वर्णन करताना विशेषणे पुरेनाशी झाली होती, तीच लेखणी या खेपेस पंक्चरपायी सायकल विकून टाकण्याची भाषा करते, हे वाचून हसू आले आणि किंचित काळजीही वाटली.

आषाढात आपल्या मुलखात वारा पश्चिमेचा. येडशीस जाताना जो छातीवर होता आणि ज्याच्यामुळे तू स्वतःच्या पायांना दूषणे दिलीस, तोच परतताना पाठीशी राहिला व त्यानेच तुला ढोकीच्या स्टेशनापर्यंत आणून सोडले. त्या वेगाचे श्रेय मात्र तू बिनदिक्कत आपल्या नावे जमा केलेस. चांगल्या फेरीतले सगळे कर्तृत्व आपले नसते, तसा वाईट फेरीतला सगळा उणेपणाही आपला नसतो. म्हणून अंग शिणलेले किंवा मन फुललेले असेल त्या सायंकाळी सायकलीविषयी कोणताही फैसला करू नये, मुकदमा दोन दिवस तहकूब ठेवावा. 200 किलोमीटरच्या 'बीआरएम' या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला नाव नोंदविण्याचा तुझा बेतही अशाच एका सायंकाळचा. ती साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, आणि तू अजून अर्धा दिवसदेखील सीटवर काढलेला नाहीस.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरांची 'रॅम' शर्यत एकट्याने पुरी केली, त्याचे तू गोडवे गातोस ते योग्यच. पण ते व्रत निराळे, आपला विरंगुळा निराळा. विरंगुळ्याला मुदत नसते. पंक्चर झाले तर आपण हरत नाही, घरी उशिरा पोहोचतो इतकेच.

पंक्चरचे म्हणशील, तर वेड्या बाभळीचा काटा वरून उपटला तरी त्याचे टोक टायरच्या आतल्या अंगास रुतून राहते. ट्यूब घमेल्यातील पाण्यात धरून बुडबुडे पाहिले, घासून सोल्यूशन लावले, ठिगळ दाबून बसविले, पण टायरच्या आतून बोट फिरवून ते टोक काढले नाही, तर थोड्याच वेळात पुन्हा हवा जाते. एकाच फेरीत दोनदा उतरावे लागले याला तू दुर्दैव म्हणतोस. मी आळस म्हणेन. बोटाला चिंधी गुंडाळीत जा.

एक गोष्ट मात्र मनावर घेण्याजोगी आहे. उसाच्या हंगामात, अंधारात, मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात आल्याचे तू एका ओळीत उरकलेस आणि पंक्चरवर पान खर्चिलेस. ते भय खरे मान व दिवसाउजेडी घरी येत जा.

दिवाळीत येशील तेव्हा आपण सायकलीनेच तेरला जाऊ, गोरोबाकाकांचे दर्शन घेऊ, लामतुरे वस्तुसंग्रहालयही पाहू. येताना हवेचा पंप आण. येथल्या पंपाचा वायसर गेला आहे. ताईस व दाजींस नमस्कार.

तुझा,
मामा