वाळवंट मोजावें कसें?

‘वाळवंट पुढें सरकत आहे’ हें वाक्य आपण वारंवार ऐकतों. परंतु तें किती सरकलें, हें मोजावयाचें कसें? सुदान देशांतील एक उदाहरण घेऊन आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहों.

१९५८ सालच्या वनस्पतींच्या नकाशाशीं आपल्या १९७५ च्या पाहणीची तुलना करून ह्यू लॅम्प्रे यांनीं अनुमान काढलें कीं, सहाराची सीमा सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेस आली. या अनुमानानें मोठी भीति पसरली. परंतु ही पाहणी दीर्घ अवर्षणानंतर लगेच झालेली होती. आणि केवळ दोन सालें ताडून पाहिल्यानें सीमेची खरी गति कळत नाहीं. पुढें स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं उपग्रहांचीं चित्रें व भूमीवरील निरीक्षणें एकत्र तपासलीं, तेव्हां असें अखंड आक्रमण त्यांस आढळलें नाहीं.

उपग्रह हिरवाई मोजतो ती अशी: हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण परत फेंकतें, उघड्या मातींत हा भेद थोडा असतो. या भेदावरून कॉम्प्टन टकर व त्यांचे सहकारी यांनीं १९८० ते १९९० पर्यंतची सहाराची दक्षिण सीमा काढली. १९८४ च्या अवर्षणांत ती फार खालीं उतरली. १९८५ सालीं पाऊस बरा होतांच सुमारें ११० किलोमीटर मागें गेली.

यावरून भूमीचा ऱ्हास खोटा आहे, असें मात्र समजूं नये. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या २०२१ च्या नकाशासंग्रहाप्रमाणें भारतांतील ऱ्हास पावलेली भूमि २००३–०५ मध्यें शेंकडा २८.७६ होती, ती २०१८–१९ मध्यें शेंकडा २९.७७ झाली. त्याचें सर्वांत मोठें कारण पाण्यानें होणारी धूप हें आहे.

शिवाय हिरवाईही फसविते. वेडी बाभूळ माजलेला माळ उपग्रहास हिरवाच दिसतो. तेथें गुरांना चरण्याजोगें गवत आहे काय, हें पायीं गेल्यावांचून कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यापूर्वीं उतारावर एक लोखंडी सळई ठोकून तिचा वर राहिलेला भाग मोजा. पाऊस सरल्यावर पुन्हां मोजा. जितकी सळई अधिक उघडी पडेल तितकी माती वाहून गेली असें जाणा. मात्र एकाच वर्षावरून निर्णय करूं नका. शाळा सोडीपर्यंत दर वर्षीं नोंद ठेवा, आणि नंतर ती वही धाकट्यांच्या स्वाधीन करा.