पिल्लू आणलंस, आता हे ऐक

पिल्लू आणलंस, फार बरं वाटलं. पण पार्व्हो या विषाणूच्या आजाराचं भय मनात असू दे. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतची पिल्लं त्याला पटकन बळी पडतात.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची सोळा आठवडे भरल्यावरच. एक इंजेक्शन झालं म्हणून निर्धास्त राहू नकोस. आईच्या चिकातून आलेली ताकद पिल्लाला जपते खरी, पण तीच लसीला अंगी लागू देत नाही. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. रेबीजची लस वेगळी, तिने पार्व्हो टळत नाही.

डोस पुरे होईपर्यंत त्याला बागेत, रस्त्यावर खाली सोडू नकोस, कडेवर ने. चपलाही दाराबाहेरच ठेव. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतला विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि तळव्याला चिकटून घरात येतो.

आजाराची सुरुवात जुलाबानेच होते असं नाही. कालपर्यंत मोजे पळवणारं पिल्लू वाटीला तोंड लावत नाही, कोपरा धरून पडतं. मग फेसाच्या, पिवळ्या पाण्याच्या उलट्या. मग रक्ताची पातळ हगवण, तिची दुर्गंधी खोलीत शिरताच जाणवते. हिरडीला बोट लाव, कोरडी, चिकट लागतेय का बघ. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोड. ती सावकाश खाली बसली, तर अंगातलं पाणी आटलंय.

अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. उपचारावाचून दोन-तीन दिवसांत पिल्लू जाऊ शकतं. वेळेवर सलाईन आणि औषधं मिळाली तर बहुतेक वाचतात. उलट्या चालू असताना दहीभात कोंबू नकोस, माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नकोस. निघताना डॉक्टरांना फोन कर, म्हणजे ते त्याला इतर पिल्लांपासून वेगळं बसवतील.

घरातला विषाणू मारायला फिनेलवर विसंबू नकोस. घाण काढून फरशी साबणाने धू, मग एक भाग क्लोरीनचं ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओली ठेव. फिनेल आणि ब्लीच एकत्र मिसळायचं नाही.

आणि विकणाऱ्याने ‘सगळ्या लसी झाल्यात’ म्हटलं, तरी कार्ड मागून घे. त्यावर बाटलीचं लेबल, तारीख आणि डॉक्टरांची सही नसेल, तर लस झालीच नाही असं धरून उद्याच दवाखाना गाठ.