झोका आणि जाळी

मुलांनो, तुम्ही सर्कस पाहिली आहे का? गावाबाहेरच्या मैदानात मोठा तंबू उभा राहतो. त्यावर रंगीत दिव्यांच्या माळा लागतात. रिक्षातून कर्ण्यावर जाहिरात होते आणि घराघरांत मुले हट्ट धरतात. चला, आज आपण या पाठातून सर्कशीला जाऊ या.

तंबूत शिरताच मध्यभागी गोल रिंगण दिसते. ते गोलच का असते? १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाचा घोडेस्वार धावत्या घोड्यावर उभा राहून कसरती दाखवू लागला. घोडा गोल धावत असला, की स्वाराला आतल्या बाजूला झुकून तोल सांभाळता येतो. म्हणून रिंगण गोल झाले. पुढे त्याचा व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर ठरला.

आपल्या देशातील सर्कशीची सुरुवात एका मराठी माणसाने केली, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांचे नाव विष्णुपंत छत्रे. ते सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. घोड्यांना शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. १८८० साली त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू केली. ही सर्कस फिरत फिरत केरळातील तलश्शेरी गावी गेली. तेथे कीलेरी कुंजिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. छत्र्यांशी झालेल्या भेटीनंतर ते मुलांना सर्कशीच्या कसरती शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली अनेक कसरतपटू तयार झाले.

पूर्वी सर्कशीत वाघ, सिंह, अस्वले आणि माकडेही असत. त्यांचे हाल होत. म्हणून केंद्र सरकारने १९९८ साली त्यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. आता सर्कशीत माणसाचे कसबच मोठे ठरते. या कसबांत सर्वांत अवघड खेळ म्हणजे उंच झोक्यांचा.

हा खेळ कसा चालतो? तंबूच्या छताजवळ समोरासमोर दोन झोके बांधलेले असतात. एका झोक्यावर एक जण पायांनी अडकून उलटा लोंबकळतो. तो झेलणारा. दुसऱ्या झोक्याला हातांनी धरून दुसरा कसरतपटू येतो. तो उडी घेणारा. झोका पुढच्या टोकाला पोहोचला, की क्षणभर थांबल्यासारखा होतो. नेमक्या त्याच क्षणी हात सोडायचे असतात. थोडे आधी सोडले तरी चुकते, थोडे उशिरा सोडले तरी चुकते. झेलणारा त्याचा पंजा धरत नाही, मनगट धरतो. दोघे एकमेकांची मनगटे पकडतात, म्हणजे एकाची पकड सैल झाली तरी दुसऱ्याची राहते. खाली मोठी जाळी बांधलेली असते.

हा खेळ प्रथम १८५९ साली पॅरिसमध्ये ज्यूल्स लिओटार्ड या फ्रेंच तरुणाने दाखवला. तो सराव कोठे करत असे, सांगू? आपल्या वडिलांच्या व्यायामशाळेतील पोहण्याच्या तलावावर! हात सुटला तर खाली पाणी होते.

आता मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या सातवीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. एकदा वाक्य बनवताना तो म्हणाला, "माझी पुस्तक हरवली." उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर उर्दूत नाहीच. त्यामुळे अशी चूक होणे अगदी साहजिक होते. पण वर्गातली काही मुले मोठ्याने हसली. त्या दिवसापासून मराठीच्या तासाला तो तोंड उघडेना. विचारले, तर मान खाली घालून उभा राही.

त्याच महिन्यात गावात सर्कस आली. मी वर्गाला घेऊन गेलो. विदूषकांनी सर्वांना पोट धरून हसवले. मग दिवे मंद झाले आणि झोक्यांचा खेळ सुरू झाला. एका तरुणीने उंचावरून झेप घेतली, हवेत कोलांटी मारली आणि हात पुढे केले. पण झेलणाऱ्याचे हात वीतभर दूर राहिले. ती धाडकन जाळीत पडली. प्रेक्षकांत कोणी हसले, कोणी शिट्टी मारली. आमच्या रांगेतलीही दोन-तीन मुले हसली. तो मुलगा मात्र हसला नाही. तो एकटक तिच्याकडे पाहत होता.

ती तरुणी जाळीवर उठून उभी राहिली. जाळीच्या कडेवरून खाली उतरली, प्रेक्षकांना सलाम केला आणि पुन्हा दोराची शिडी चढू लागली. तंबूत शांतता पसरली. या वेळी मनगटात मनगट अडकले! टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या मुलाच्या टाळ्या तर थांबतच नव्हत्या.

खेळ संपल्यावर आम्ही कसरती शिकवणाऱ्या वृद्ध उस्तादांना भेटलो. त्या मुलाने हळूच विचारले, "उस्तादजी, पडण्याची भीती वाटत नाही का?"

उस्ताद हसून म्हणाले, "बेटा, आम्ही उडायला नंतर शिकवतो. आधी पडायला शिकवतो. जाळीवर पाठ टेकून पडावे लागते. हात-पाय आधी टेकले, तर मोडतात. ज्याला पडता येते, त्यालाच उडता येते. आणि जाळी रोज तपासावी लागते. जाळीच फाटकी असेल, तर उडी कोण घेईल?"

परतताना मुले गप्प होती. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "आज धडा कोण वाचणार?" कोपऱ्यातून एक हात वर आला. तो त्याचाच होता. तो उभा राहिला आणि वाचू लागला. तीन ठिकाणी अडखळला. पण कोणी हसले नाही. एका शब्दावर तो थांबला, तेव्हा शेजारच्या मुलाने तो शब्द हळूच सांगितला. पूर्वी सर्वांत मोठ्याने हसणारा मुलगा तोच होता.

मुलांनो, नवी भाषा शिकणे हेही उंच झोक्यावरून झेप घेण्यासारखेच आहे. हात कधीतरी सुटणारच. पडलात तर उठा आणि पुन्हा शिडी चढा. आणि दुसरा कोणी पडला तर? त्या वेळी हसायचे की जाळी व्हायचे, हे तुमच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. सर्कशीचे रिंगण गोल का असते?
२. झोक्यावरचे कसरतपटू एकमेकांची मनगटे का पकडतात?
३. 'ज्याला पडता येते, त्यालाच उडता येते,' असे उस्ताद का म्हणाले?
४. लिंग ओळखा : झोका, जाळी, पुस्तक, तंबू, शिडी, रिंगण.
५. तुमची एखादी चूक कोणी प्रेमाने सुधारली असेल, तर तो प्रसंग पाच-सहा ओळींत लिहा.